रात्रपाळीची ओळ

६ नोव्हेंबर, गुरुवार. काम एकच होतं: पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्टर लोकांचं रेट कार्ड तपासून शुक्रवारी दुपारपर्यंत साहेबांकडे द्यायचं. गुरुवारी मी घरून काम करते. जेवणाच्या टेबलावरचं लोणच्याचं, तुपाचं भांडं सरकवलं, लॅपटॉप उघडला, शेजारी चहा ठेवला. खिडकीबाहेर आम्स्टरडॅमजवळच्या आमच्या उइटहॉर्न गावचं नेहमीचं धुकं होतं. समोरच्या शेजारणीची सायकल तेवढी दिसत होती, तिचं घर दिसत नव्हतं.

रेट कार्ड म्हणजे एक तक्ता. डावीकडे कामांची नावं: टेस्टर, डेव्हलपर, वगैरे. उजवीकडे दोन रकाने. पहिला ऑनसाइटचा, म्हणजे स्लोटरडाइकच्या आमच्या ऑफिसात येऊन बसणाऱ्याचा तासाचा दर. दुसरा रिमोटचा, म्हणजे तेच काम दुसऱ्या देशात बसून करणाऱ्याचा. हा दुसरा दर देशाप्रमाणे बदलतो. पोर्तुगालचा थोडा कमी, पोलंडचा त्याहून थोडा कमी, भारताचा निम्म्याच्या जरासा वर.

दरवर्षी या आकड्यांत महागाई मिळवायची, वरची तारीख बदलायची आणि पाठवून द्यायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. यंदा त्याला अख्खा दिवस लागला, आणि वर दुसऱ्या दिवशीची सकाळ.

हा तक्ता मीच तयार केला आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे असं काही नव्हतं. ज्याला जसं जमेल तसा तो दर ठरवून घ्यायचा. मग लोक कुठूनही काम करायला लागले. एक जण सासुरवाडीला, पोलंडमध्ये जाऊन बसला. एक लिस्बनजवळ समुद्रकाठी राहायला गेली. दोघं पुण्याला परतले. दर मात्र सगळ्यांचे आम्स्टरडॅमचे. साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे उंच, सायकलवरून येणारा, नखशिखांत भिजला तरी कुरकुर न करणारा डच माणूस.

"इथलं भाडं, इथला विमा, इथलं पाळणाघर हा माणूस भरतो म्हणून आपण त्याला हा दर देतो," ते म्हणाले. "तो इथे राहतच नसेल तर कशाचे पैसे देतोय आपण?"

मला ते पटलं. आजही त्यात फार चूक वाटत नाही. प्रश्न फक्त 'किती कमी' एवढाच होता. साहेब म्हणाले, देशोदेशीचा राहणीचा खर्च काढून देणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्याकडून अहवाल विकत घेऊ. मी अहवालाची किंमत बघितली आणि म्हटलं, "युरोपातल्या देशांचा घ्या. भारताचा कशाला? माझं माहेर आहे तिथे. मी काढून देते."

कंपनीचे पैसे वाचवल्याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू.

त्या रविवारी मी साताऱ्याला फोन लावला. फोन वहिनींनी उचलला. दादा कधीच उचलत नाही. तेव्हा आई होती. मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर होती, आणि तिचं सगळं वहिनी बघत होत्या.

"वहिनी, दुधाची पिशवी केवढ्याला पडते हल्ली?"

"अगंबाई! आता दुधाचा हिशेब मागायला लागलात का वन्सं?"

"ऑफिसच्या कामासाठी हवाय."

"तुमच्या ऑफिसला साताऱ्याहून दूध जातं होय?"

हसून झालं आणि मग त्या सांगत गेल्या. दूध, भाजी, सिलिंडर, लाइटबिल, दोन खोल्यांचं भाडं, भांडीवाली, रिक्षा. प्रत्येक आकड्याच्या आधी "काही फार नाही हो" आणि नंतर "भागतं". मी पेनने भराभर लिहीत होते.

"आणि आईच्या बाईला काय देता?"

"देतो थोडंफार."

"थोडंफार म्हणजे किती? आकडा सांगा."

त्यांनी आकडा सांगितला. मला तो कमी वाटला. पण मी म्हटलं, सातारा आहे, पुणं नाही.

"रात्रीची बाई वेगळी असेल ना?"

"रात्री मी आहे ना. रात्रीला कशाला हवी बाई?"

म्हणून यादीत रात्रीची ओळ आली नाही. जे विकत घ्यावं लागत नाही, ते खर्चाच्या यादीत कसं घालणार? मी बेरीज केली, इथल्या बेरजेशी ताडून बघितली आणि भारताचं प्रमाण काढलं. तळटीप लिहिली: 'भारतातील आकडे स्थानिक चौकशीवर आधारित.' साहेब म्हणाले, असं काम हवं.

परदेशातून फोन आला की आपल्याकडची माणसं खर्च कमी करून सांगतात, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? नणंद विचारते आहे, म्हणजे आईवर जास्त खर्च होतोय असं तर तिला वाटत नाही ना, अशी शंका वहिनींना येणारच. मी तरी काय करते? इथला हीटर बंद पडून आम्ही तीन दिवस स्वेटर घालून झोपलो होतो, तेव्हा आईला सांगितलं होतं, छे, थंडी कुठे आहे. दोन्हीकडून हेच चालतं. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण त्या रविवारी आकडे माझ्या तक्त्यात नेटके बसत होते, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

आता तिच्याबद्दल लिहायला हवं.

ती आमच्याकडची टेस्टर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मूळची मिरजेची, एकटी. पाच वर्षं ऑनसाइट होती. इतरांनी तपासून सोडलेल्या प्रोग्रॅममध्ये ती अर्ध्या तासात खोट काढायची आणि ज्याची चूक असेल त्याच्या टेबलावर जाऊन हळू आवाजात सांगायची. डब्याला माझ्या समोर बसायची. मला 'ताई' म्हणायची आणि माझ्या पोळ्यांना नावं ठेवायची.

"ताई, पोळी आहे की फाइल कव्हर?"

"खायची तर खा. नाहीतर या डच लोकांसारखं पावात चीज घालून आणत जा."

आई लहानपणीच गेलेली, भावंडं नाहीत. वडील रेल्वेत गार्ड होते, निवृत्त. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिने त्यांना इथे आणलं होतं. ट्युलिप, कालवे, पवनचक्क्या सगळं दाखवलं. त्यांना आवडलं ते स्लोटरडाइक स्टेशन. तिथे गाड्या दोन मजल्यांवरून जातात, खालून एका दिशेला आणि वरून आडव्या. ते सकाळी मुलीबरोबर ऑफिसला निघायचे, पण स्टेशनातून बाहेरच पडायचे नाहीत. वरच्या फलाटावर बाकावर बसायचे. पांढरा सदरा, डोक्यावर मुलीची लोकरी टोपी, मांडीवर वही. येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ लिहायचे. दुपारी आम्ही दोघी त्यांना डबा द्यायला गेलो तर वही दाखवत मला म्हणाले, "ही बघा, दोन मिनिटं लेट. आणि गार्डाच्या चेहऱ्यावर काही नाही. आमच्या वेळी दोन मिनिटांचा जबाब द्यावा लागे."

"बाबा, त्या गार्डाला जाऊन विचारू नका हं," ती म्हणाली.

"विचारलं. आधीच विचारलं. हसला नुसता. बरा मुलगा आहे."

परत जाताना त्यांनी ती वही तिच्याकडे ठेवली. ती तिने ऑफिसच्या खणात ठेवली होती. कशाला, असं मी विचारलं नाही.

या वर्षी जानेवारीच्या शेवटी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. ती तीन आठवडे जाऊन आली आणि आल्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "ताई, जरा खालच्या कॅफेत येता?" एरवी तिला माझ्याशी काही बोलायचं असलं की ती डब्यापर्यंत थांबायची.

मिरजेला जाऊन तिथून काम करायचं तिने ठरवलं होतं. कामाची वेळ इथलीच पाळेन म्हणाली, म्हणजे तिथे दुपारी साडेबारा ते रात्री नऊ, मीटिंग लांबली तर दहा. साहेबांना त्यात अडचण नव्हती. तिला फक्त एक विचारायचं होतं.

"ऑनसाइटचा दर राहील का?"

"नाही. तू तिथे गेलीस की रिमोटचा लागेल. कार्डात स्पष्ट आहे."

"किती?"

मी सांगितला. तो तिला ठाऊक असणार. तरी तिने कॉफीच्या कपाकडे बघत मनातल्या मनात बेरीज केली. टेस्टर आहे, तिला कागद लागत नाही.

"दिवसाची बाई बसते," ती म्हणाली. "फिजिओ बसतो. औषधं, डायपर, सगळं बसतं. रात्रीची बाई नाही बसत, ताई. नर्सिंग ब्युरोवाले रात्रीचं जास्त घेतात. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं असतं ना. मध्येच उठून बसतात. पडतील अशी भीती वाटते."

आणि मी म्हणाले, "रात्री तू आहेस ना."

हे वाक्य मी जुळवून बोलले नाही. ते तोंडात तयार होतं. ती माझ्याकडे बघून जरा हसली.

"हो," ती म्हणाली. "मी आहे."

मग तिने विचारलं, "सहा महिने तरी जुना दर ठेवता येईल का? कार्डात अपवादाचं कलम आहे. मी वाचलं."

कलम होतं. मीच लिहिलं होतं. कौटुंबिक अडचण असेल तर सहा महिन्यांपर्यंत ऑनसाइटचा दर चालू ठेवता येतो, विभागप्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या, सहीने. आणि साहेबांकडे ती शिफारस करायची कोणी, तर मी. पोलंडला गेलेल्याने ते मागितलं होतं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. त्याचे सासरे आजारी होते. आता माझ्या गावाकडची, माझ्याबरोबर डबा खाणारी, मला ताई म्हणणारी बाई मागत होती. ऑफिसात कोणी काही बोललं नसतं. इथे लोक तोंडावर फक्त हवामानाबद्दल बोलतात. पण मला स्वतःला ते चाललं नसतं. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही, हा माझा नियम आहे, आणि इतकी वर्षं या खुर्चीवर मी त्याच नियमावर टिकले आहे.

"त्याला नाही म्हटलंय," मी म्हटलं. "तुला हो कसं म्हणू?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिने दोन्ही कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. घासाघीस केली नाही. तिने ती केली असती तर मी कदाचित साहेबांकडे गेले असते. कदाचित नसतेही गेले.

तिने गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन पत्ता रद्द केला, हाउसआर्ट्सकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, कागद घेतले, फ्लॅट सोडला. मी तिला विमानतळावर पोचवायला गेले होते. चार बॅगा होत्या. "तुमच्या पोळ्या सुटल्या," ती म्हणाली. "देव पावला."

मार्चपासून ती मिरजेहून काम करू लागली. कामात एका पैचा फरक पडला नाही. उलट जास्त चुका काढायला लागली. रोज सकाळी साडेनऊच्या छोट्या मीटिंगला ती असायची, पाठीमागे पोपटी भिंत आणि खाटेचा एक कोपरा. कधी वडिलांची हाक यायची, बोबडी, एकाच स्वरातली. ती माइक बंद करायची, उठून जायची, येऊन बसायची. आमची डच मुलं हात हलवून म्हणायची, बाबांना हॅलो सांग. एकदा तिने कॅमेरा तिकडे वळवला. ते डाव्या हाताने काहीतरी खूण करत होते. कोणाला कळेना.

"हिरवा बावटा दाखवताहेत," ती म्हणाली. "मीटिंग सुटली म्हणताहेत, निघा."

सगळे हसले. मीही हसले. तिच्या डोळ्यांखाली तेव्हाच काळं यायला लागलं होतं. मी ते बघितलं आणि मला वाटलं, कॅमेरा स्वस्तातला असेल.

जूनमध्ये मी तिला फोन केला होता, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता विचारलं, "कसं चाललंय?"

"भागतंय, ताई," ती म्हणाली.

त्या शब्दावर माझे कान उभे राहायला हवे होते. राहिले नाहीत.

ऑगस्टमध्ये एक दिवस ती मीटिंगला आली नाही. पाच वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. दुपारी तिची मेल आली: वडील हॉस्पिटलमध्ये, दोन दिवस रजा. ती वाढत गेली. नवव्या दिवशी दुसरी मेल आली: वडील गेले, आणखी चार दिवस रजा. साहेबांनी सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड पाठवलं. मी फोन केला.

काय झालं, ते तिने तीन-चार वाक्यांत सांगितलं. आदल्या दिवशी मीटिंग दहापर्यंत लांबली होती. त्यानंतर नेहमीप्रमाणे बाबांचं बघत ती जागी होती. पहाटे पाचच्या सुमाराला स्टेशनातून गाडीचा भोंगा झाला. बाबांना ड्युटीची वेळ झाली असं वाटलं असावं. ते उठायला गेले आणि खाटेवरून पडले. डोक्याला लागलं.

"मी शेजारीच होते," ती म्हणाली. "दीड हातावर. मला झोप लागली हो, ताई."

फोनवर मी जे बोलायचं असतं ते बोलले. स्वतःला दोष देऊ नकोस, तू जेवढं केलंस तेवढं कोण करतं, वगैरे. आणि शेवटी मी तिला विचारलं की सोमवारपासून धरू ना तुला, कारण मला महिन्याचं वेळापत्रक भरायचं होतं. ती म्हणाली, धरा.

सोमवारी ती मीटिंगला होती. मागे पोपटी भिंत. खाटेचा कोपरा दिसत नव्हता.

तिचे वडील माझ्या दरामुळे गेले असं मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तो आला असता तर मी ही जुनी यादी पुन्हा उघडलीही नसती. पण झटका आला नाही. ते पडले. आणि जवळ जागं माणूस नव्हतं.

तर ६ नोव्हेंबरला मी यादी उघडली. या वेळी नुसती महागाई न मिळवता तिची एकेक ओळ बघत गेले. दूध, भाजी, सिलिंडर, भाडं. 'रुग्णाची बाई, दिवसा.' त्याखाली एकदम 'रिक्षा, पेट्रोल.' दोन्हींच्या मध्ये काही नाही. चहा गार झाला. मग साताऱ्याला फोन लावला.

आई जाऊन आता दीड वर्ष झालं. वहिनी पूर्वीपेक्षा मोकळं बोलतात.

"वहिनी, ते मागे दर विचारले होते ना, तेच परत हवेत. पण या वेळी खरे सांगा."

"म्हणजे? तेव्हा काय खोटे सांगितले होते?"

"सांगितले होते की नाही?"

मागे कुकरची शिट्टी झाली. मग त्या हसल्या. "आता काय लपवायचं, वन्सं. थोडे कमी सांगितले होते. तुम्ही तिकडून पैसे पाठवता. उद्या म्हणाल, वहिनी आईच्या नावावर उधळते."

"मी असं म्हटलं असतं?"

"म्हटलं नसतं. पण मनात आलं असतं."

आलंच असतं.

"आणि आईच्या बाईचा आकडा?"

"तो तर अर्धाच सांगितला होता," वहिनी म्हणाल्या. "उरलेला ह्यांच्या पेन्शनमधून जायचा."

"रात्रीची बाई ठेवायची कधी चौकशी केली होती?"

"केली होती की. आकडा ऐकून ह्यांना म्हटलं, राहू दे, मीच झोपते खाली. तीन वर्षं झोपले ना आईंच्या खाटेशेजारी. कंबर गेली ती गेलीच." मग त्यांचा नेहमीचा खट्याळ आवाज आला. "कशासाठी हवंय एवढं सगळं? आमचा काही पगार-बिगार काढताय का?"

मी त्यांना रेट कार्ड म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं. इथे येऊन काम करणाऱ्याला एक दर, लांबून करणाऱ्याला दुसरा.

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात मी ऑनसाइट आणि तुम्ही रिमोट. फक्त आमच्याकडे उलटं होतं, बाई. लांबून करणाऱ्याचाच भाव जास्त. तुमचा फोन आला की आई दिवसभर खुश. माझ्या हातचं दूध म्हणे पातळ."

त्या हसत होत्या, मीही हसले. नंतर फोन ठेवला आणि सिंकमधली भांडी घासली. डिशवॉशर आहे, तरी हाताने घासली.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी माझ्याकडे जी यादी तयार झाली, ती साताऱ्याच्या खर्चाची यादी नव्हतीच. एका बाईने नणंदेच्या भीतीने अर्धे करून सांगितलेले आकडे, आणि तिने फुकट काढलेल्या रात्री. त्यावरून मी एका अख्ख्या देशाचं प्रमाण ठरवलं होतं आणि खाली तळटीप दिली होती. साहेबांनी अहवाल विकत घेतला असता तर त्यात निदान अनोळखी माणसांना विचारलेले भाव असते. अनोळखी माणसाला कोणी "भागतंय" म्हणत नाही.

आता दोन रस्ते होते. महागाई मिळवायची, तारीख बदलायची, पाठवायचं. कोणाला कळलं नसतं. किंवा यादी नव्याने करायची आणि साहेबांना सांगायचं की तीन वर्षं आपण ज्यावर दर देतोय, ते माझ्या वहिनीशी झालेलं फोनवरचं बोलणं होतं. दुसऱ्या रस्त्यात लाज होती. आणि मिरजेतल्या तिच्या वडिलांना आता त्याचा काही उपयोग नव्हता. भारतातून काम करणारे आमचे आणखी चार जण आहेत. त्यांच्या घरी कोण आजारी आहे, कोण नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलेलं नाही.

नवरा संध्याकाळी घरी आला. "झालं का तुझं कार्ड?" त्याने विचारलं. मी म्हटलं, एक ओळ राहिली आहे.

शुक्रवारी सकाळी साडेसातला, ट्रामला निघण्याआधी, मी मिरजेला फोन लावला. तिथे बारा वाजले होते, तिचं काम सुरू व्हायचं होतं.

"ताई? काही घोळ झाला का रिलीजमध्ये?"

"नाही. रेट कार्ड करतेय. तिथले खर्चाचे आकडे हवेत. खरे. वहीपेन घेऊन बसलेय."

"घ्या लिहून," ती म्हणाली, आणि सांगत गेली, सपाट आवाजात, दुकानात यादी वाचतात तशी. दूध. भाजी. सिलिंडर. भाडं. लाइट गेली की लागणारा इन्व्हर्टर. इंटरनेटच्या दोन लाइन, कारण एक कधीही जाते. दिवसाची बाई. फिजिओ. तिने मध्ये कुठेही "फार नाही" म्हटलं नाही.

"रात्रीची बाई?" मी विचारलं.

"आता विचारताय होय, ताई."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "हो. आता विचारतेय. तेव्हा विचारायला हवं होतं. अपवादाच्या कलमासाठी साहेबांकडेही जायला हवं होतं. गेले नाही."

पलीकडचा पंख्याचा आवाज बंद झाला.

"ब्युरोचे दोन दर असतात," ती म्हणाली. "येऊन-जाऊन करणारीचा वेगळा, रात्री राहणारीचा वेगळा. राहणारीचा जास्त. जागायचं असतं ना तिला." आणि तिने दोन्ही आकडे सांगितले. फेब्रुवारीत विचारून ठेवले होते, तिला अजून पाठ होते.

मी दोन्ही लिहिले. तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, "साडेनऊच्या मीटिंगला भेटू," आणि फोन ठेवला.

ट्राममध्ये बसायला जागा मिळाली. मी मांडीवर लॅपटॉप उघडून 'रुग्णाची बाई, दिवसा' याच्या खाली एक ओळ वाढवली, सगळे आकडे बदलले आणि नवीन बेरीज केली. भारताचं प्रमाण बरंच वर गेलं. तळटीप खोडली. साहेबांना चार ओळी लिहिल्या: जुने आकडे चुकीचे होते, चूक माझी होती, कशी झाली ते दुपारी समक्ष सांगते, आणि अपवादाची शिफारस यापुढे माझ्या एकटीच्या हातात ठेवू नये. जिथे मी मेट्रो बदलते ते झाउड स्टेशन यायच्या आधी पाठवून दिलं.

स्लोटरडाइकला उतरल्यावर मी ऑफिसात गेले आणि तिच्या जुन्या टेबलाचा खण उघडला. बाबांची गाड्यांच्या वेळांची वही तिथेच होती. ती मी पाकिटात घातली, मिरजेचा पत्ता लिहिला आणि खाली टपालात देऊन आले. साडेनऊला पाच मिनिटं होती.